बाटली फुटेपर्यंत

दोरालिसा बायोन यांना बांधकाम व्यवस्थापन हा विषय एका सत्रापुरता दिला होता. डीननी तसं तोंडी सांगितलं होतं, आणि आरेकिपा शहराच्या सरकारी विद्यापीठात तोंडी सांगितलेलं लेखीपेक्षा जास्त टिकतं. पुढे ते डीन निवृत्त झाले, मग वारले, मग त्यांच्या नावाचा एक हॉलही झाला. बाई अजून तेच एक सत्र पूर्ण करत होत्या.

मुळात त्या स्ट्रक्चरच्या. जपानला जाऊन, भूकंपात इमारत कशी डोलते आणि कुठे तुटते, हे शिकून आल्या होत्या. आपल्या गावच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाच्या भिंती हादऱ्यात नेमक्या कुठून फाटतात यावर त्यांनी प्रबंध लिहिला होता आणि तो तिकडच्या लोकांनी वाचलाही होता. पण त्या परत आल्या त्याच वर्षी व्यवस्थापन शिकवणारे गृहस्थ खाणीत नोकरी धरून निघून गेले. वर्ग रिकामा पडला. तुम्ही नवीन आहात, एवढं सांभाळून घ्या, असं डीन म्हणाले, आणि बाईंनी सांभाळून घेतलं.

कोणतं काम कोणाच्या आधी, मिक्सर कधी बोलवायचा, सळ्या आल्या नाहीत तर सेंट्रिंगवाल्यांनी काय करायचं, आणि अमुक दिवशी माणसं नुसती बसून का राहिली, असा तो विषय. बाईंच्या मते हे शास्त्र नव्हतंच. हे घर चालवणं होतं, आणि घर तर त्यांनी कधी चालवलं नव्हतं. यानावारा भागातल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि दुपारचं जेवण कोपऱ्यावरच्या खाणावळीत घेत.

आपला विषय परत मिळावा म्हणून त्यांनी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा तो विषय त्यांच्याच एका विद्यार्थ्याला मिळाला. दुसऱ्यांदा त्या विद्यार्थ्याच्या विद्यार्थ्याला. मोठा भूकंप झाला तेव्हा मात्र सगळ्या शहराला बाईंची आठवण झाली. हेल्मेट घालून त्या गल्लोगल्ली फिरल्या, भेगांवर खडूने खुणा केल्या, कुठे राहायचं आणि कुठे नाही ते लोकांना सांगितलं. काही महिने त्या खूश होत्या. मग सोमवार उजाडला आणि फळ्यावर पुन्हा वेळापत्रकाचे तेच आडवे पट्टे काढायची वेळ आली.

तरी शिकवताना त्यांनी हातचं राखलं नाही. आवडत नसलेलं काम चोख करायचं, ही त्यांची सूड घेण्याची पद्धत होती. पोरं त्यांना मागून ‘थांबा-बाई’ म्हणत, कारण दर परीक्षेत शेवटचा प्रश्न ठरलेला असे. एका कामाचं वर्णन द्यायचं आणि विचारायचं: इथे काम थांबवायचा हात कोणाचा? ‘साइट इंजिनिअरचा’ असं लिहिलं की लाल फुली. ‘नियमाप्रमाणे तपासनिसाचा’ असं लिहिलं की आणखी मोठी लाल फुली. कागदावर ज्याचं नाव असतं त्याचं कोणी ऐकत नाही, असं त्या वर्गात सांगत. ज्याच्यावाचून काम खरंच अडतं तो माणूस आधी शोधा आणि मग वेळापत्रक आखा. बहुतेक पोरं ‘सिमेंटच्या कोठीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो’ असं लिहीत, कारण बाईंना ते उत्तर पटतं हे वरच्या वर्गाकडून कळलेलं असे.

एक गोष्ट मात्र त्यांनी जन्मात केली नाही. त्या कोणाच्या छताची माद्रिना झाल्या नाहीत. वरच्या वस्त्यांत घरं एका दमात होत नाहीत. एक मजला झाला की कॉलमच्या सळ्या आभाळाकडे उघड्या ठेवतात, आणि पोरगं शिकून कमवायला लागलं की वरचा स्लॅब पडतो. त्या दिवशी घरमालक कोणाला तरी छताचं नातं देतो. बाप्या असेल तर पाद्रिनो, बाई असेल तर माद्रिना, म्हणजे छताची धर्मआई. ती फुलांचा क्रूस आणते, कॉलमला टांगलेली शँपेनची बाटली हातोडीने फोडते, मग काँक्रीटची पहिली बादली वर चढते. इंजिनिअर झालेली पोरं आठवणीने बाईंना विचारायला येत. बाई दर वेळी नको म्हणत. ज्याने तपासायचं त्याने त्या घरी बिअर पिऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. तपासायला तरी त्यांना कोण बोलवत होतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. हळूहळू विचारणारे येईनासे झाले.

आणि मग, निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना, नोएमी कुतिपा आली.

नोएमी त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता एका खाणीवर वेळापत्रकं आखायची आणि सुट्टीला घरी यायची. खुर्चीच्या कडेवर बसून तिने तीन टोकांच्या पावांची पिशवी टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं, की आईच्या घराचा वरचा स्लॅब आहे, काम काकाच करतोय, आणि माद्रिना तुम्हीच व्हायचं. बाईंनी सवयीने नको म्हणायला तोंड उघडलं. पण त्याच आठवड्यात विभागाने त्यांच्या खोलीची दुसरी किल्ली पुढच्या माणसाला देऊन टाकली होती, बाई अजून त्या खोलीत बसत असतानाच. आपल्याला कोणीतरी नात्यात ओढतंय याचं त्यांना बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. त्या हो म्हणाल्या आणि संध्याकाळी जाऊन नवी हॅट घेऊन आल्या.

रविवारी सकाळी फुलांचा क्रूस मांडीवर घेऊन त्या काँबीने, म्हणजे छोट्या बसने, शहराच्या उत्तरेकडच्या कोनो नोर्ते वस्तीच्या चढणीला लागल्या. धूळ आणि वारा. नोएमीच्या घरापुढे मिक्सर येऊन उभा होता, वाळूचे ढीग भिजवलेले होते, स्लॅब भरणारी टोळी रबरी बूट चढवत होती. नोएमीची आई बोनिफासिया आदोबोच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या रश्श्याच्या, पातेल्याशी बसली होती. ते पातेलं काम संपल्यावर उघडायचं होतं, पण वास थांबत नव्हता. पाहुणे आले होते, बँडवाले भिंतीला टेकून पेंगत होते. फोर्तुनातो मिस्त्री, म्हणजे नोएमीचा काका, इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांना हुकूम सोडत होता. त्याने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांना कोमाद्रे म्हणाला, म्हणजे लेकराच्या नात्याने घरची झालेली बाई. असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

क्रूस वरच्या कोपऱ्यातल्या कॉलमला बांधायचा असतो. पोरगा बांधेल, तुम्ही कशाला चढता, असं मिस्त्री म्हणत असतानाच बाई शिडीला लागल्या होत्या.

वर पोकळ विटांच्या रांगा मांडलेल्या होत्या आणि रांगांच्या मधे अरुंद चर, त्यात सळ्या. काँक्रीट त्या चरांत उतरलं की त्याच छताच्या बरगड्या होतात, सगळा भार त्यांच्यावर. बाई फळीवरून जपून चालत कोपऱ्यापर्यंत गेल्या, क्रूस बांधला, आणि वळल्या तेव्हा त्यांना पाइप दिसला. संडासाचा जाडजूड राखाडी पाइप. मागच्या कोपऱ्यातून निघून तो थेट जिन्यापर्यंत आडवा गेला होता. प्रत्येक बरगडी त्याने मधोमध अडवली होती, आणि वाटेतल्या सळ्या बाजूला वाकवून तारेने बांधून टाकल्या होत्या. असं छत त्याच दिवशी पडत नाही. ते वर्षानुवर्षं उभं राहतं, वर माणसं नाचतात, वाढदिवस होतात. मग एका रात्री जमीन हलते. भूकंपानंतर खडूची खूण करताना बाईंनी असं एक छत खालून पाहिलं होतं, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते.

त्यांनी खाली पाहिलं. नोएमी पाण्याच्या पिंपाशी उभी होती. ती बाईंकडे बघत नव्हती. बरोबर पाइपाच्या रेषेत, छताच्या कडेकडे बघत होती.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. त्या शिडीवरून उतरल्या आणि पिंपाशी जाऊन हात धुवायला लागल्या.

“तुला माहीत होतं,” त्या हळू म्हणाल्या.

“आईला खिडकीतून मिस्ती ज्वालामुखी दिसणारी न्हाणी हवी होती. म्हणून काकांनी ती मागच्या कोपऱ्यात हलवली.” नोएमी त्यांच्या हातांवर तांब्याने पाणी घालत होती. “मी दोनदा बोलले, बाई. म्हणाले, तू लंगोटात होतीस तेव्हा मी स्लॅब टाकत होतो. आई म्हणते, काकाच्या तोंडाला लागू नकोस, त्याने फुकटात घर उभं केलंय.”

“म्हणून मी.”

नोएमीने तांब्या खाली ठेवला. तिने टॉवेल पुढे केला.

बाईंना वाईट वाटलं. नव्या हॅटची लाज वाटली. त्या क्षणी त्यांना सरळ घरी जायचं होतं. पण काँबीसाठी उतार चालून जावं लागलं असतं, आणि बँडवाल्यांनी तेवढ्यात वाजवायला सुरुवात केली. सगळे कॉलमभोवती गोळा झाले. मिक्सरवाल्याने इंजिन सुरू केलं. मिस्त्रीने रिबीन बांधलेली हातोडी त्यांच्या हातात दिली.

बाटली समोर लोंबत होती. हातोडी मारली असती तर पुढचं सगळं आपोआप झालं असतं. आणि पाइपाबद्दल चारचौघांत बोलल्या असत्या तर मिस्त्रीने त्यांना हसून एका बाजूला नेऊन बसवलं असतं, संध्याकाळपर्यंत छत भरून झालं असतं, आणि नोएमीला त्या घरात पुन्हा तोंड उघडता आलं नसतं. बाईंनी हातोडी खाली केली.

“मिस्त्री, ही फोडली की छत माझं लेकरू, बरोबर?”

“तुमचंच, कोमाद्रे.”

“मग आधी एकदा बघू द्या. चला वर, दोघंच.”

लोक हसले. मिस्त्रीही हसला, कारण पाहुण्यांसमोर दुसरं काही करता येत नव्हतं. वर गेल्यावर मात्र त्याचं हसू मावळलं. बाई पाइपापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. शिकवायच्या वेळी गप्प राहणं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जमत होतं.

“नोएमीने कान भरले वाटतं,” तो म्हणाला.

“नोएमी सकाळपासून माझ्याशी धड बोललेली नाही.”

“या अख्ख्या डोंगरावर असेच पाइप आहेत, कोमाद्रे. एक घर पडलंय का?”

“असतील. त्यांची माद्रिना मी नाही.”

“खाली मिक्सर चालू आहे. माणसं उभी आहेत.”

“मीही उभीच आहे.”

मिस्त्रीने खाली टोळीच्या मुकादमाकडे पाहिलं. मुकादम बाटलीकडे बघत होता. बाटली न फोडता बादली उचलणारी टोळी त्या डोंगरावर नव्हती. मागे एका घरी घाई करून उचलली होती आणि एक माणूस शिडीवरून पडला होता. पडायला ओली फळी कारणीभूत होती, पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं. ती बाटली मिस्त्रीला स्वतः फोडता येत नव्हती, आणि माद्रिना दुसरी आणता येत नव्हती. त्याने सगळं मनात उलटसुलट करून पाहिलं असावं, कारण बराच वेळ तो कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघत राहिला.

त्याला खाली उतरायला वाट हवी होती. बाईंनी ती दिली.

“मी खाली जाऊन सांगते, की म्हातारीचा हट्ट आहे. माद्रिनेला न्हाणी मागे नको, जिन्याजवळच हवी. कारण विचारू नका. तुम्ही फक्त वैतागा.”

“वैतागू?” मिस्त्रीने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“भरपूर.”

हे काम त्याने मन लावून केलं. शिडी उतरता उतरताच त्याने सुरुवात केली. विद्यापीठातल्या लोकांना आयुष्यात एक वीट रचता येत नाही, पण संडास कुठे हवा ते बरोबर कळतं. असल्या शिकलेल्या बायकांना घरी बोलावणाऱ्या पुतणीला काय म्हणावं. न्हाणी इकडे न्या, न्हाणी तिकडे न्या, उद्या म्हणतील घरच पलीकडच्या गल्लीत न्या. लोक पोट धरून हसत होते आणि बाई मान खाली घालून ऐकत होत्या. शिव्या घालता घालता तो करवत घेऊन वर चढला, पाइप कापून काढला, तारा सोडल्या, आणि एक एक सळी टाचेखाली धरून सरळ केली. नोएमी गुपचूप विटा लावत होती. तो तिच्यावरही खेकसत होता, पण विटा कुठे हव्यात ते तिलाच विचारत होता. नवा पाइप जिन्याच्या भिंतीलगत सरळ खाली उतरला.

गोंधळ झाला तो खाली. काम थांबलं आणि टोळीला भूक लागली. स्लॅबच्या आधी जेवण, असं त्या वस्तीत कधी घडलं नव्हतं, पण आदोबोचा वास आवरत नव्हता. शेवटी पातेलं उघडलं. बोनिफासिया आपल्या खिडकीच्या न्हाणीसाठी मुसमुसत वाढत होती. टोळीला काम व्हायच्या आधी प्यायला मिळू नये म्हणून, वाढून झाल्यावर ती बिअरच्या क्रेटवरच बसून राहिली. बाईंना तिने सगळ्यांत शेवटी वाढलं, आणि ताटात नुसती हाडं टाकली.

दुपारी बाटली फुटली. बाईंचा पहिला घाव चुकून कॉलमवर बसला. दुसरा बसला तेव्हा फेस मिस्त्रीच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाला आणि बँड वाजायला लागला. मग बादल्या चढत राहिल्या. मिस्त्री वर उभं राहून प्रत्येक चर स्वतः काठीने खुपसून भरून घेत होता. संध्याकाळी उन्हं उतरताना शेवटचा कोपरा भरला आणि बोनिफासिया क्रेटवरून उठली. मिस्त्रीने पहिला ग्लास भरला, धरणीमातेसाठी थोडी बिअर जमिनीवर ओतली आणि उरलेली कोमाद्रेपुढे धरली. बाई प्यायल्या. ज्या घरचं काम तपासलं त्या घरी.

नोएमी त्यांना काँबीपर्यंत सोडायला आली. उतारावर दोन्ही बाजूंना घरं होती, कॉलमच्या सळ्या उघड्या ठेवलेली. यातली काही घरं विद्यार्थ्यांची असणार. कोणाकोणाला आपण नको म्हटलं, हे आता त्यांना आठवत नव्हतं. त्या छतांच्या पोटात काय भरलंय, हेही कळायला आता मार्ग नव्हता. बाईंना ते उतार संपेपर्यंत सहन होईना.

“मला वाटलं होतं तू मायेने बोलावलंस,” त्या म्हणाल्या.

“मायेनेच बोलावलं.” नोएमीने हॅटवरची सिमेंटचे शिंतोडे पुसले. “कामालाही बोलावलं. माझ्या घरात ते वेगळं करता येत नाही, बाई.”

“हे तुला सुचलं कधी?”

“तुमच्या परीक्षेत. काम थांबवायचा हात कोणाचा, या प्रश्नाला मी लिहिलं होतं: छताच्या माद्रिनेचा. ती बाटली फोडेपर्यंत बादली उचलत नाहीत.”

बाई थांबल्या. त्यांना तो पेपर आठवला. स्टाफरूममध्ये त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला होता आणि सगळे हसले होते.

“मी किती मार्क दिले?”

“शून्य. शेजारी लिहिलं होतंत, विनोद परीक्षेत नको.”

काँबी येताना दिसली. मागे वरच्या बाजूला बँड अजून वाजत होता. बाईंनी हॅट काढून हातात घेतली, आणि ज्या आवाजात त्या वर्गात पुढच्या आठवड्याचं काम विचारत त्याच आवाजात विचारलं, की उद्यापासून या स्लॅबला पाणी कोण मारणार आहे.

नोएमी विचारात पडली. ती पहाटेच खाणीवर निघणार होती. काकाला दुसऱ्या कामावर जायचं होतं. आईच्या गुडघ्यांना शिडी झेपत नव्हती.

“म्हणजे कोणीच ठरवलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “व्यवस्थापन शिकलीस ना तू?”

“शिकले होते, बाई.”

“पाण्याचा पाइप शिडीपाशी काढून ठेव. आणि आईला सांग, उद्या मी सकाळी येईन. माझं लेक्चर दुपारी आहे.”

सोमवारी त्या आल्या. बोनिफासियाने दार उघडलं, शिडी धरली, आणि त्या उतरेपर्यंत खाली उभी राहिली. आदल्या दिवसाचा आदोबो उरला होता. तो तिने गरम केला आणि या वेळी बाईंच्या ताटात मांसही वाढलं.